खलाशाचा अपराध कोणता?

मासळीला सरहद्द ठाऊक नसते. तिच्या मागावर गेलेल्या बोटीला मात्र ती अवचित भेटते आणि तीही बंदुकीच्या रूपाने. ओखा, पोरबंदर, वेरावळ या सौराष्ट्रातील बंदरांतून सुटणाऱ्या बोटींवर पालघर, डहाणू, तलासरीकडचे अनेक आदिवासी तरुण खलाशी म्हणून राबतात. मालकाकडून उचल घ्यायची आणि कित्येक महिने घर सोडायचे, हा त्यांचा क्रम. बोट कोठे न्यायची हे तांडेल ठरवतो, नफ्याचा हिशेब मालक करतो. बोट पकडली गेली की कराचीचा तुरुंग मात्र खलाशाच्या वाट्याला येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याच्या एका बोटीवर पाकिस्तानी सागरी दलाने गोळीबार केला, त्यात पालघर जिल्ह्यातील एक खलाशी प्राणास मुकला.

१ जुलै २०२५ रोजी उभय देशांनी दिलेल्या याद्यांनुसार पाकिस्तानच्या कोठडीत आपले १९३ मच्छीमार होते आणि आपल्या कोठडीत तिकडचे ८१. तेव्हा या बाबतीत निर्दोष कोणीच नाही. सर क्रीक या ९६ किलोमीटर लांबीच्या खाडीचा तंटा मिटत नाही, म्हणून समुद्रातील सीमाही निश्चित होत नाही. जी रेषा दोन सरकारांना ठरवता आली नाही, ती ओलांडल्याची शिक्षा मजुराने भोगावी, हा कोठला न्याय?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचे ७३ वे कलम स्पष्ट आहे. अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या नियमभंगासाठी, राष्ट्रांराष्ट्रांत तसा करार नसेल तर, कारावासाची शिक्षा देता येत नाही. भारताने १९९५ मध्ये व पाकिस्तानने १९९७ मध्ये या कराराला मान्यता दिली. २००८ च्या द्विपक्षीय करारानुसार वर्षातून दोनदा कैद्यांच्या याद्या बिनचूक दिल्या जातात. माणसे मात्र राजकारणाची हवा पाहून सोडली जातात.

गोमंतकीयांनी हे दुःख परमुलखाचे समजू नये. मालीम व कुटबणच्या धक्क्यांवरील ट्रॉलरही ओडिशा, झारखंडातून आलेल्या हातांवरच चालतात. आपल्या ताटातील मासळीमागेही कोणा परगावच्या माणसाचा घाम असतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, चुकून हद्द ओलांडणाऱ्यास समज देऊन समुद्रातूनच परत पाठविण्याची रीत उभय सरकारांनी घालून द्यावी. प्रत्येक खलाशाची नोंद व विमा उतरविल्याशिवाय बोटीला बंदर सोडू देऊ नये आणि तो कैदेत असेतोवर त्याचे वेतन त्याच्या घरी पोहोचविण्याचे दायित्व मालकावर कायद्यानेच टाकावे.