चुंबकाला चिकटलेले गूढ

गेल्या दिवाळीत आमच्या नारायण पेठेतील घरी एक स्नेही फराळाला आले होते. चकली मोडता मोडता त्यांनी विलायतेत गव्हाच्या शेतांत रातोरात उमटणाऱ्या वर्तुळांची हकीकत सांगितली. "वर्तुळे माणसांनी काढली म्हणा हवे तर, पण तिथल्या मातीत लोखंडाचे वितळलेले कण सापडले, त्यांचे काय?" असे विचारून त्यांनी विजयी मुद्रेने चहाचा घोट घेतला. मुले डोळे विस्फारून ऐकत होती. मला मात्र राग आला. तो अजून उतरलेला नाही.

फळी आणि दोरी घेऊन ही वर्तुळे आपण काढीत होतो, असे डग बोवर आणि डेव्ह चॉर्ली या दोघा इंग्रज गृहस्थांनी १९९१ साली जाहीर केले. तेव्हा गूढाने बिऱ्हाड बदलले आणि ते मातीत राहावयास गेले! १९९५ साली लेव्हनगुड आणि बर्क यांनी अशा एका शेतातील लोहकणांवर निबंध लिहिला. कण खरे असतील. पण ते वर्तुळामुळे आले हे कशावरून? दूरच्या, वर्तुळ नसलेल्या दहा शेतांतली माती तितक्याच बारकाईने तपासल्यावाचून हे ठरणार कसे?

त्याच रात्री मुलांच्या फुलबाज्या संपल्यावर मी गच्चीवरची धूळ कागदावर घेतली आणि खालून चुंबक फिरवला. काळे कण नाचू लागले. नातवाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतले काही चक्क वाटोळे दिसले. फुलबाजीत लोखंडाचा कीस असतो; जळताना तो वितळतो आणि थेंब हवेतच गोल होऊन थिजतो. वेल्डिंगच्या ठिणग्या, कारखान्यांचा धूर, आकाशातून अखंड झरणारी उल्काधूळ, यांतही असे गोळे असतात. मग आमच्या गच्चीवरही परग्रहवासी उतरले म्हणावयाचे काय?

आकाशातून काही पडतच नाही, असे मी म्हणत नाही. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, धातूचे भलेथोरले कडे पडले. आसपास गोळेही सापडले. जाणकारांनी वेळ आणि मार्ग ताडून पाहिला, तेव्हा तो २०२१ साली उडालेल्या चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा, असा निष्कर्ष निघाला. गूढ उकलण्याची रीत ही अशी!

'अजून उकलले नाही' याचा अर्थ 'शोध चालू ठेवा' असा आहे. आमचे स्नेही त्याचा अर्थ 'शोध पुरे' असा लावतात आणि मुलांच्या हातातला प्रश्नच काढून घेतात. माझा राग आहे तो याचा.

यंदा ते येतील तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी मी चुंबक ठेवणार आहे.