पोट फुगले, वारा थांबला. जुलाब नको, रुग्णालय गाठा

धान कापणीच्या दिवसांत पारशिवनी तालुक्यातील एखाद्या मजुराच्या पोटात कळ उठली, की पहिला संशय गॅसवर जातो. ओवा, सोडा, मग एरंडेल. यात एक-दोन दिवस निघून जातात. साधे अपचन असेल तर निभावते; आतडे अडकले असेल तर तेच दिवस जिवावर बेततात.

आतड्याचा मार्ग बंद झाल्याच्या खुणा चार: थांबून थांबून येणारी कळ, उलट्या, फुगलेले पोट आणि शौचासह वाराही बंद होणे. चारही एकदम दिसतील असे नाही. अशा वेळी जुलाब दिल्यास बंद आतड्यावरील ताण वाढतो आणि ते फुटण्याचा धोका असतो.

प्रौढांमध्ये लहान आतडे अडकण्याची दोन मुख्य कारणे म्हणजे पोटाच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर आत तयार झालेले चिकट पट्टे आणि अडकलेला हर्निया. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. मोठ्या आतड्यात कर्करोग किंवा पडलेला पीळ आढळतो.

चिकट पट्ट्यांमुळे आलेला अडथळा पुष्कळदा नाकातून घातलेली नळी, सलाईन आणि चोख देखरेख यांवर सुटतो. पण आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांतच ते काळे पडू लागते. मग तेवढा भाग कापून काढावा लागतो आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर रुग्ण दगावतो. न थांबणारी वेदना, ताप, वाढलेली नाडी हे त्याचे इशारे.

या कारणांपैकी हर्निया वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असतो. ‘कापणी झाली की पाहू’ म्हणत तो पुढे ढकलला जातो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, पण बुडणारी मजुरी आणि नागपूरच्या फेऱ्या कोण भरून देणार? म्हणून शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांनी ठरलेल्या दिवशी तालुक्यातच यावे आणि हर्नियाच्या शस्त्रक्रिया तिथेच व्हाव्यात. नियोजित शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बहुधा लवकर घरी जातो. अडकलेल्या हर्नियासाठी मात्र मध्यरात्री मेडिकल किंवा मेयोकडे धाव घ्यावी लागते.

तोवर घरच्यांनी एवढे पाळावे: वारा बंद, पोट फुगलेले आणि उलट्या सुरू असतील, किंवा हर्नियाची गाठ दुखू लागून आत जात नसेल, तर तोंडाने काही न देता १०८ ला फोन करावा. गाठ दाबून आत ढकलू नये आणि सकाळची वाट पाहू नये.