पाया, पेलाभर दूध आणि गच्चीवरचं ऊन

अम्मी न्हाणीत घसरली आणि मनगट मोडलं. महिनाभर शेजारच्या घरांतून पायाचे डबे येत राहिले. हाड मोडलं की पाया, हे आपल्याकडे ठरलेलंच. मीही आग्रहाने पाजला. पुढे वाचलं तेव्हा कळलं की हाडं कितीही उकळली तरी रश्श्यात कॅल्शियम नावापुरतंच उतरतं. पाया जरूर खावा, उस्मानाबादी बोकडाचा असेल तर सोडूच नये. पण औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज 1000 मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी थांबलेल्या बाईला 1200. आपली ज्वारी मॅग्नेशियम आणि फॉस्फरस चांगलं देते, पण 100 ग्रॅम पिठात कॅल्शियम जेमतेम 25-30 मिलीग्रॅम. पेलाभर दुधात साधारण 240. भूम-वाशीकडे दूध खव्याच्या भट्टीवर जातं. घरात उरतं ते आधी मुलांना, मग पाहुण्यांच्या चहाला. बाईच्या वाट्याला चहात पडलेलं दूध तेवढं येतं. यात गरिबीपेक्षा सवय जास्त आहे, असं मला वाटतं. अम्मीला आता पेला हातात दिला तरी ती आधी विचारते, सगळ्यांना पुरलं का?

दूध नसेल तर तिळाची चटणी, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला. तीनही आपल्या बाजारात मिळतात.

पण ‘ड’ जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. ते उन्हाने त्वचेत बनतं, खिडकीच्या काचेआड बनत नाही. इथे लोक लगेच बुरख्याकडे बोट दाखवतात. मी बुरखा घालत नाही, दिवसभर लॅपटॉपपुढे घरात बसतो, आणि माझंही ‘ड’ कमीच निघालं. खरा प्रश्न जागेचा आहे. दाट मोहल्ल्यात बाईने बाह्या सरकवून उन्हात बसायचं कुठे? गच्चीचा कठडा गुडघ्याएवढा, चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या खिडक्या. कठडा उंच करणं आपल्या हातात आहे. नगरपरिषदेकडे आपण रस्ते आणि नाल्या मागतो, तशी भिंतीआडची महिलांची बागही मागायला हवी. निवडणुकीच्या वेळी मोहल्ल्यात येणाऱ्या प्रत्येकाकडे.

आणि घरात बहीण किंवा भाभी गरोदर असेल तर आशाताईंना आजच विचारा. तीन महिने झाल्यावर, आणि बाळंतपणानंतर आणखी सहा महिने, रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी केंद्रातून मोफत मिळायला हव्यात. लोहाची गोळी त्यांच्यासोबत घेऊ नये, वेगळ्या वेळी घ्यावी.