सायकल तिची, रस्ता कुणाचा?

पर्यटकांसाठी डोंगरात, समुद्रकाठी सायकलवाटा आखल्या जातात. आमच्या मुलींची वाट मात्र शाळेपर्यंतच!

१९९१ साली तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईत साक्षरता मोहिमेने हजारो बायकांना सायकल शिकवली. लिहिता-वाचता येण्याइतकंच स्वतःहून कुठे जाता येणंही महत्त्वाचं, हे तिथे ओळखलं गेलं.

वर्धा ते सेवाग्राम अवघं आठ किलोमीटर. तरी शाळा संपली की अनेक घरांत तिची सायकल भावाकडे जाते. अंधार पडला की तिला बंदीच. काळजीच्या नावाखाली मुलीला कोंडणं सोपं. रस्त्यावर दिवे लावणं, छेडछाड थांबवणं ही खरी काळजी. महिला ग्रामसभेत हीच मागणी लावून धरू या.

आणि मैत्रिणींनो, कामासाठीच कशाला? नुसतं फिरायलाही सायकल काढू या!