वाऱ्याच्या विजेलाही पावसाचा हिशेब द्यावा लागेल

पवनऊर्जा प्रकल्पाला आपल्याकडे पर्यावरण मंजुरी लागत नाही. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनचक्क्या नाहीतच. वनजमीन हवी असेल तेव्हा तेवढी वेगळी परवानगी घ्यायची. धूर नाही, राख नाही, मग तपासायचे काय, असा हा सरळ हिशेब. तो अर्धवट आहे. हवामान बदलते आहे म्हणून आपण पवनचक्क्या उभारणार असू, तर त्यांची जागा, रस्ते आणि पाया ठरवतानाही तेच बदलते हवामान विचारात घ्यायला हवे. भीमाशंकरच्या परिसरात, खेड-मावळच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभारताना काय झाले ते पश्चिम घाटावरील गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात नोंदवले आहे. नुकसान पात्यांपेक्षा रस्त्यांनी केले: अवजड सामान वर नेण्यासाठी डोंगर कापले, जंगल तुटले, माती धुपली, दरडी सुटल्या आणि राडारोडा खालच्या शेतांत उतरला.

रायगड जिल्ह्यातील पेण-रोह्याचे नाव पवनऊर्जेच्या नकाशावर ठळक नाही. म्हणूनच हा विचार इथे आधी करता येईल. तळिये 2021 मध्ये आणि इर्शाळवाडी 2023 मध्ये दरडीखाली गेली. दोन्ही याच जिल्ह्यातली, दोन्ही जुलैच्या मुसळधार पावसात. रोह्याच्या डोंगरात उद्या असा रस्ता कापायचा, तर गेल्या तीस वर्षांच्या सरासरी पावसावर गटारे आणि उतार आखून चालेल का? पेणच्या खारेपाटात प्रश्न वेगळा. तिथे उधाणाला बांधाला खांड जाते, खारे पाणी भातशेतीत शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन धड पिकत नाही. समुद्र चढत असताना विजेचे मनोरे आणि उपकेंद्र या जमिनीत बसवायचे, तर बांधाची आजची उंची प्रमाण मानता येणार नाही. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले तेव्हा वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. साधारण 90 च्या वर पवनचक्की स्वतःच थांबते. पुढचा प्रश्न खांब आणि तारा तगतील का, हा.

कोळसा याहून कितीतरी घातक, त्यात पवनचक्कीच्या वाटेत आणखी कागद कशाला, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. पण मी प्रत्येक खांबामागे फाइल मागत नाही. जिल्ह्याच्या पातळीवर एकदाच मूल्यांकन करावे आणि दरडप्रवण उतार, खारजमीन, फणसाडसारखी अभयारण्ये बाजूला काढून उरलेल्या जागा खुल्या कराव्यात. गुंतवणूकदाराचाही वेळच वाचेल. हवामानाचे अंदाज अनिश्चित आहेत, हेही खरे. वाऱ्याचेच घ्या: हिंदी महासागर तापल्याने भारतातील पवनऊर्जेची क्षमता घटत आल्याचे 2018 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मधील अभ्यासाने मांडले होते. वीस-पंचवीस वर्षे चालायच्या यंत्रासाठी मग एकच आकडा धरणे हा तर जुगार. कमी वारा, जास्त पाऊस, वाईट उधाण असे टोकाचे अंदाज धरूनही जी जागा परवडते, तिला बेलाशक परवानगी द्यावी, आणि ती लवकर द्यावी.