फळीवरचे कुलाबा

दिवाळीचा किल्ला करताना एक नियम आपण सर्वांनी लहानपणी कुणी न शिकवता पाळलेला असतो. सिंहासनावरचे महाराज किल्ल्याच्या दरवाजाहून उंच असतात. तोफेपेक्षा तोफ डागणारा मावळा दुप्पट असतो, आणि पायथ्याच्या विहिरीवर पाणी भरणारी बाई त्या विहिरीत पडलीच तर कमरेशी अडकून बसेल, बुडणार नाही. यात कुणाला काही वावगे वाटत नाही. महाराज मोठे, म्हणून मोठे. आमच्या चाळीतल्या किल्ल्याला एक बोगदाही असे आणि त्यातून चावीची पत्र्याची आगगाडी जाई. शिवकाळात आगगाडी कुठून आली, असे विचारणारा पोर साऱ्या चाळीत एकच होता. तो पुढे वकील झाला.

आमचे भावोजी मात्र त्या वकिलाच्या जातीचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसे भजनी मंडळात जातात किंवा जावयाला सल्ले देऊ लागतात. भावोजींनी आगगाड्या घेतल्या. त्यांच्या जगात मावळा दरवाजातून गेलाच पाहिजे, आणि तोही फेट्यासकट. या छंदात सारा कारभार प्रमाणावर चालतो. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण ‘एच-ओ’. म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांची चावीची गाडी १९२० साली बाजारात आली. तेव्हाची ‘ओ’ मापाची गाडी दिवाणखाना अडवून बसे. पुढे घरे लहान झाली आणि ‘ओ’चा अर्धा ‘एच-ओ’ निघाला. गिरगावात आमची चाळ तर मुळातच लहान, तेव्हा हे माप आम्हांला सोयीचे, असे भावोजींनी ताईला पटवले.

‘पटवले’ हा शब्द मी सैल अर्थाने वापरतो आहे. आठ फूट बाय चार फुटांची प्लायवुडची फळी त्यांनी छताला कप्पीने टांगली आहे. दिवसा ती वर जाते आणि रात्री जेवणे झाली की खाली येते. इतर बायकांच्या डोक्यावर छप्पर असते, ताईच्या डोक्यावर गेली सहा वर्षे कुलाबा स्टेशन आहे.

या मंडळींचा एक कंपू आहे. रविवारी कुणाच्या तरी घरी भरतो. दादरच्या पारशी कॉलनीतले एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची तीन रुळांची हॉर्नबी डब्लो अजून धावते. एक दातांचे डॉक्टर आहेत. दातांची हत्यारे इंजिनाच्या गिअरला किती उपयोगी पडतात हे मला त्यांच्याकडून कळले. आणि एक चक्क लोकलचे मोटरमन आहेत. आठवडाभर खरी लोकल चालवून हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडी चालवायला येतो, आणि सिग्नल लाल असला तर फळीवरही थांबतो. बायकोने एकदा त्यांना विचारले म्हणे, “तिकडे पगार देतात, इकडे काय देतात?”

या कंपूत दोन पक्ष आहेत आणि भांडण पावणेतीन मिलिमीटरचे आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतले अंतर पाच फूट सहा इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागा. सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. पण बाजारात मिळणारे रूळ युरोपातल्या गाड्यांच्या मापाचे, म्हणजे साडेसोळा मिलिमीटरचे. ते वापरले की आपले रुंद, भरदार इंजिन अरुंद रुळांवर असे दिसते, जणू धिप्पाड पैलवानाने लहान भावाच्या चपला घातल्या आहेत. एक पक्ष म्हणतो, चालवून घ्या. इंग्रजांनी तरी दुसरे काय केले? हे खरे आहे. त्यांची खरी इंजिने अंगाने लहान, त्यांच्या नमुन्यात त्या वेळच्या विजेच्या मोटरी मावेनात, म्हणून त्यांनी इंजिन शहात्तराव्या हिश्श्याचे केले आणि रूळ साडेसोळाचेच ठेवले. दुसरा पक्ष म्हणतो, इंग्रजांचे पाप आपण का करावे? भावोजी दुसऱ्या पक्षाचे. त्यांनी सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ हाताने घातले. प्रत्येक स्लीपर लाकडाची चकती कापून, प्रत्येक रूळ झाळून. वितभर रूळ घालायला एक संध्याकाळ. दातांच्या डॉक्टरांशी त्यांचे या पावणेतीन मिलिमीटरवरून चार महिने बोलणे बंद होते.

आता कुलाबाच का? कारण ते आज नाही. चर्चगेटशी लोकल संपते आणि पुढे रूळ नाहीत, याचे आपल्याला काही वाटत नाही. पण एके काळी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे चर्चगेटला थांबतच नसे; बॅकबेच्या कडेकडेने, समुद्राचा वारा खात ती कुलाब्याला जाई. कापसाचा बाजार तिथे होता, गाठींच्या वाघिणी तिथे लागत. १८९६ साली तिथे मोठे टर्मिनस उघडले. १९२८ च्या ५ जानेवारीला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली, आणि त्याच वर्षी सुरू झालेली पेशावरची प्रसिद्ध फ्रंटियर मेल या स्टेशनाने पाहिली. मग बॅकबेत भर घालण्याच्या सरकारी योजनेने रुळांची जागा मागितली. डिसेंबर १९३० मध्ये मुंबई सेंट्रल उघडले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला कुलाबा बंद झाले. जेमतेम चौतीस वर्षांचे स्टेशन! आमच्या चाळीतला नळ त्याहून जुना आहे. त्या जागेवर आता रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क ही वसाहत आहे. बधवार हे रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष. म्हणजे नाव तरी रेल्वेचेच राहिले.

भावोजींचा हिशेब पहिल्याच दिवशी फसला होता. चर्चगेटपासून कुलाबा सुमारे दोन किलोमीटर. सत्त्याऐंशीने भागले तर तेवीस मीटर! आमच्या चाळीची गॅलरीदेखील तेवढी लांब नाही. विजेच्या गाडीचा एक डबा फळीवर चोवीस सेंटिमीटर होतो. आठ डब्यांची गाडी उभी केली की इंजिन ताईच्या देव्हाऱ्याशी आणि शेपूट मोरीशी.

या पेचात आम्ही पुण्याला गेलो. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी उघडले. जोशी स्वतः असेच एक छंदिष्ट; आधी त्यांनी हलवता येण्याजोग्या फळ्यांवर गाड्या मांडून प्रदर्शने केली आणि मग आपल्या कारखान्याच्या इमारतीतच घरच्या मंडळींच्या मदतीने एक गावच वसवले. ते कोणतेही खरे गाव नव्हे. दिवे मालवले की खिडक्या उजळतात, सिग्नल पडतात, गाड्या एकमेकींना वाट देतात, आणि मागे उभी असलेली पोरे श्वास घ्यायचे विसरतात. परतीच्या वाटेवर भावोजी लोणावळ्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “खरी विद्या काय घालायचे ही नाही रे. काय गाळायचे ही आहे.”

घरी येऊन त्यांनी गाळायला सुरुवात केली. आठ डब्यांचे चार झाले. कापसाची गोदामे गेली. समुद्र सहा इंचांची निळी पट्टी उरला. एक फलाट मात्र त्यांनी जिवापाड केला. छपराचे खांब सायकलच्या आऱ्यांचे, वरच्या विजेच्या तारा जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून उकललेल्या तांब्याच्या. त्या एका फलाटाला चौदा महिने लागले.

पुढे भावोजींच्या मनाने घेतले, की प्रत्यक्ष जागा पावलांनी मोजून आल्याशिवाय फलाटाचा कोन नक्की करता येणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत गेली, तेव्हा आम्ही गिरगावातून तिनेच गेलो. त्यातली गंमत लक्षात घ्या. १९३० साली रूळ उखडले, आणि पंचाण्णव वर्षांनी गाडी त्या भागात परत आली ती जमिनीखालून. भावोजी डब्यात सर्वांना हे सांगत होते. लोक मोबाइलकडे पाहत होते.

फाटकावरच्या एका पहारेकऱ्याने टेप घेऊन आलेल्या दोन म्हाताऱ्यांना आत सोडले नाही. मोजमापे घेणारी माणसे त्याला पसंत पडली नाहीत, आणि त्या भागात त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. शेजारचे मच्छीमार नगर म्हटले की लोकांना २००८ सालची २६ नोव्हेंबरची रात्रच आठवते. ते दहाजण याच किनाऱ्यावर उतरले होते. आम्ही वळसा घालून त्या वस्तीत शिरलो. एका बाजूला कफ परेडचे टोलेजंग मनोरे, आणि त्यांच्या पायथ्याशी जाळी, बर्फाच्या पेट्या, ओढून लावलेल्या होड्या आणि ओल्या मासळीचा घमघमाट. एक वयस्कर तांडेल जाळे विणीत बसले होते. भावोजींनी आराखडा उलगडला आणि त्यांना सारे समजावले; स्टेशन, रूळ, तारा, समुद्र. तांडेलांनी लक्षपूर्वक ऐकले. मग त्या सहा इंचांच्या निळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, “यात आमी कुठं हाय?”

भावोजी म्हणाले, “जागा पुरत नाही हो.”

“जागा आमाला कवाच पुरत नाय,” तांडेल म्हणाले, आणि हसले. रागाने नव्हे. त्यांचे आजोबा सांगत म्हणे, की गाडी सुटली की किनाऱ्यावरची पोरे होड्यांवर चढून हात करीत.

परतताना भावोजी मेट्रोत कुणाशी बोलले नाहीत. त्या रात्री फळी खाली आली. ताईचा मला सकाळी सहाला फोन. “तू लगेच ये. हे करवत घेऊन बसले आहेत.” मी पोचेतो काम झाले होते. चौदा महिन्यांच्या फलाटाचा नऊ इंचांचा तुकडा, छप्पर-खांबांसकट, वर्तमानपत्रावर काढून ठेवला होता, आणि त्या जागी वाळू पसरली होती. चहा थंड झाला होता. मी काही बोललो नाही. माणसाने स्वतःच्या हाताने असे काही कापले की बोलू नये एवढे मला कळते.

चाळीस फुटी होडी फळीवर चौदा सेंटिमीटर होते. भावोजींनी तसा कागद करून तांडेलांना नेऊन दिला होता. महिन्याभराने तांडेल स्वतः घरी आले, सोबत मावशी. रुमालातून होडी निघाली. सागाच्या तुकड्यातून कोरलेली, नाळ उंच, बाजूला लालनिळा पट्टा. आणि लांबीला जवळजवळ वीतभर! त्या रविवारी कंपू हजर होता. दातांच्या डॉक्टरांनी खिशातून कॅलिपर काढला. वीस सेंटिमीटर. “म्हणजे ही सत्तावन्न फुटांची झाली,” ते म्हणाले. “स्टेशनमास्तरच्या खोलीपेक्षा मोठी. प्रमाणात नाही.”

पावणेतीन मिलिमीटरसाठी चार महिने अबोला धरणारे भावोजी होडी वाळूवर नीट टेकवीत म्हणाले, “असेल. तांडेलांची आहे.”

मावशी मघापासून वाकून पाहत होत्या. त्यांना तारा, खांब, सिग्नल, कशाचेच कौतुक दिसेना. “डिसेंबर म्हनता ना? मग बोंबील कुठं वाळवता?” त्यांनी विचारले. खरेच की! डिसेंबरात कोळीवाड्यात वलांड्या नाहीत असे कधी झाले आहे? भावोजींनी तिथल्या तिथे केरसुणीच्या काड्या मागवल्या. ताईने सहा वर्षांत त्या फळीला बोट लावले नव्हते. ती उठली, मावशींच्या पिशवीतला जाळ्याचा दोरा घेतला आणि भरतकामाच्या कात्रीने तुकडे करू लागली. वितभर बोंबील सत्त्याऐंशीने भागला की अडीच मिलिमीटर. हा हिशेब ताईने तोंडी केला. रात्री साडेनऊपर्यंत ताई आणि मावशी चिमट्याने बोंबील टांगीत होत्या, आणि त्यांच्या लेकीसुनांची सारी हकीकत त्या अवधीत झाली.

मग दिवा मालवला. मोटरमननी नेहमीच्या शिस्तीने सिग्नल पाहिला, आणि वाफेचे इंजिन लावलेली मेल हळूच फलाटावरून निघाली. सर्वजण गाडीकडे पाहत होते. मावशींनी मान हलवली.

“धूर लागंल की बोंबलांना. थोडं अलीकडं घ्या.”

भावोजींनी मुकाट्याने गाडी थांबवली आणि वलांडी एक बोट अलीकडे घेतली.