खोलीबाहेरचे घर

माणूस आणि त्याचे राहते शहर यांतील भावबंध हा भूगोलाच्या गंभीर अभ्यासाचा विषय आहे, हे यि-फू तुआन या चिनी-अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने 1974 मध्ये ‘टोपोफिलिया’ या ग्रंथात दाखवून दिले. टोपोफिलिया म्हणजे एखाद्या स्थळाविषयी माणसाला वाटणारी ओढ. मुंबईत ही ओढ नेमकी कशात गुंतलेली असते, हे बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाच्या निमित्ताने तपासायला हवे. कारण पुनर्विकासाचे नियम खोली मोजतात आणि रहिवाशांचा जीव बराचसा खोलीबाहेर अडकलेला असतो.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजेच बीडीडीने, 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे एकूण 207 चाळी उभारल्या. तळमजल्यावर तीन मजले, मधोमध लांब व्हरांडा, त्याच्या दोन्ही अंगांना सुमारे 160 चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास अशी त्यांची रचना होती. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार अशा खोलीत पाळीपाळीने झोपत. पुढे बायकामुले आली, तेव्हा मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची झोप, निवडण-टिपण, भजन, भांडण हे सारे जागेअभावी व्हरांड्यात आले आणि उत्सव, सभा, खेळ मैदानात गेले. वरळीच्या जांबोरी मैदानावर कित्येक पिढ्यांचे बालपण गेले आहे. शेजाऱ्याला आपल्या घरातले सुखदुःख न सांगता कळावे, ही या रचनेचीच देणगी होती. मात्र तिचा गौरव करताना सामाईक संडासापुढची रांग आणि आडोशाविना संसार करणाऱ्या स्त्रियांची कुचंबणा विसरणे हा त्या स्त्रियांवरच अन्याय ठरेल.

म्हणून पुनर्विकासात मिळणारे 500 चौरस फुटांचे घर हा उपकार नव्हे, तर फार उशिरा मिळालेला न्याय आहे. परंतु घर मिळाले म्हणजे नाते आपोआप टिकते, असे नाही. अमेरिकेतील बोस्टन शहराचा वेस्ट एंड हा कामगारवस्तीचा भाग 1950 च्या दशकाच्या अखेरीस पाडण्यात आला, तेव्हा तेथून उठलेल्या रहिवाशांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांना, हरवलेल्या घरासाठीचा त्यांचा शोक आप्ताच्या मृत्यूनंतरच्या शोकाच्या जवळ जाणारा आढळला. बीडीडीतील कुटुंबांना त्याच परिसरात घर मिळते, ही मोठीच जमेची बाजू आहे. तरीही आडव्या व्हरांड्याची जागा उभ्या मनोऱ्यातील लिफ्टने घेतली की रोजच्या, विनाकारण होणाऱ्या भेटीच संपतात, आणि शेजार मुख्यतः अशाच भेटींवर उभा असतो.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांचा ताबा मिळाला, तर इतर अनेक इमारतींचे काम अद्याप व्हायचे आहे. त्यांच्या आराखड्यांत दर काही मजल्यांमागे बसण्याउठण्याची मोकळी सामाईक जागा सक्तीची करावी, ती वाहनतळासाठी वा विक्रीसाठी वळवता येणार नाही अशी तरतूद करावी, एका मजल्यावरचे जुने शेजारी शक्यतो एकत्र ठेवावेत आणि मैदानांवरील रहिवाशांचा वापराचा हक्क लेखी मान्य करावा, ही मागणी शासनाने व म्हाडाने आताच विचारात घ्यावी; इमारती उभ्या राहिल्यानंतर हे बदल करणे जवळजवळ अशक्य असते.